शिंपल्या, दट्टे आणि बटणे
कळंबच्या किनाऱ्यावर शिंपल्या गोळा करून त्या लहानमोठ्या लावत बसलेले मूल ‘नुसते खेळते’ असे आपण म्हणतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले, ते अशा हातांच्या कामावरच. दट्ट्यापेटीच्या खाचांत दहा दट्टे बसवायचे. एक चुकला की शेवटचा बसतच नाही. बाईंना रागवावे लागत नाही, चूक मुलालाच दिसते. शिवाय दट्ट्याची मूठ तीन बोटांत धरता धरता पेन्सिलीची पकड तयार होते.

ही साधने महाग. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले, तेव्हा खडे, पाने, बिया, शिंपल्या हीच साधने झाली.

‘माँटेसरी’ची पाटी तर कोणीही लावतो! म्हणून फी भरण्याआधी अम्मी-अब्बांनी वर्गात डोकवावे. तीन वर्षांचे मूल स्वतः पाणी ओतते का, सांडलेले पुसते का, की रांगेत बसून एबीसीडी गिरवते? घरीही दस्तरखान अंथरणे, मटार सोलणे त्याला करू द्या. कुर्त्याच्या एका बटणाला पाच मिनिटे लागली तरी मध्ये हात घालू नका.