आधी रेग्युलेटर, मग लिथियम

2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात, घर ते बाग अशा छोट्या फेऱ्यांना जुंपलेल्या मोटारसायकलीची शिशाची बॅटरी लवकर थकते. सेल्फ मारताना खर्च झालेली वीज दोन-चार किलोमीटरांत भरून निघत नाही, अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीतील पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात, ज्याला सल्फेशन म्हणतात, आणि कडक उन्हाळा ही झीज वाढवतो. लिथियम बॅटरीत सल्फेशन होत नाही, तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या साधारण एक तृतीयांश असते आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी ती आपणहून फारशी उतरत नाही.

मात्र लिथियम-आयन हे अनेक रसायनांच्या कुळाचे नाव आहे. मोबाइलमधील प्रकाराचा सेल सुमारे 3.7 व्होल्टचा असल्याने असे तीन सेल 12 व्होल्टच्या यंत्रणेला कमी पडतात आणि चार जास्त होतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 3.2 व्होल्टचे चार सेल मात्र 12.8 व्होल्ट देतात, म्हणून मोटारसायकलीला हाच प्रकार योग्य. 1997 मध्ये जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठात हे रसायन पुढे आणले.

तरीही निर्णय रेग्युलेटर तपासूनच व्हावा. इंजिनाबरोबर तयार होणाऱ्या विजेचा दाब आवाक्यात ठेवणारा हा भाग बिघडला, तर शिशाची बॅटरी जादा वीज पाणी आटवून काही काळ सोसते. लिथियम बॅटरीला ती सोय नाही. टर्मिनलांना मल्टिमीटर लावून रेस वाढवली असता आकडा साधारण 13.8 ते 14.4 व्होल्टमध्ये स्थिर राहिला पाहिजे. तो 15 च्या वर गेला, तर चांगल्या बॅटरीतील संरक्षक सर्किट तिला यंत्रणेपासून तोडते, बॅटरीविना चालणाऱ्या इंजिनाच्या विजेचा दाब उसळतो आणि एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमधील इंधन नियंत्रित करणारे महागडे ईसीयू धोक्यात येते. ज्या चार्जरमध्ये सल्फेशन काढण्यासाठी उच्च दाबाचे झटके देण्याची सोय असते, तोही या बॅटरीला लावू नये.

खरेदी करताना लेबलावरील अँपिअर-अवर नीट वाचावे, कारण काही उत्पादक खरी क्षमता न छापता शिशाच्या कोणत्या बॅटरीच्या तोडीचे सेल्फ-बळ मिळेल तोच मोठा आकडा छापतात. इंजिन बंद ठेवून दिवे किंवा अलार्म किती वेळ चालेल, हे मात्र खऱ्या क्षमतेवरच ठरते. बाद झालेली लिथियम बॅटरी भंगारात फोडली गेल्यास आग लागू शकते, म्हणून ती 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडेच जावी. रोज थोडेच अंतर चालणाऱ्या साध्या गाडीसाठी तर शिशाचीच बॅटरी ठेवून ती अधूनमधून घरच्या योग्य चार्जरने रात्रभर पूर्ण भरणे, हा कमी खर्चाचा आणि पुरेसा उपाय आहे.