ई-मेलनें अनेक कागद एकत्र पाठविण्याविषयीं

धडगांवच्या डोंगरांतील अथवा नवापूरकडील शेतकऱ्यास नंदुरबारच्या कार्यालयांत कागद पोंचविण्यासाठीं आतां दर वेळीं एस्.टी.नें जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. सातबारा, आठ-अ, पासबुकाचें पहिलें पान, पिकाचीं छायाचित्रें हीं सर्व ई-मेलनें जाऊं शकतात. परंतु दहा-बारा सभासदांचे कागद एकदम पाठवावयाचे झाले म्हणजे पत्र अडतें. आणि मुदतीचा शेवटचा दिवस असल्यास सर्वांचेच अर्ज खोळंबतात. म्हणून या बाबतींतील कांहीं गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ई-मेल मूळची केवळ अक्षरांपुरती. रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिलें पत्र पाठविलें. त्यास फाईल जोडण्याची सर्वमान्य रीत मात्र १९९२ सालीं ठरली. या रीतींत सहपत्राच्या दर तीन बाइटांचीं चार अक्षरें होतात. अर्थात् १८ एमबीचा ऐवज वाटेंत सुमारें २४ एमबीचा होतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, व घेणाऱ्या कार्यालयाची त्याहून कमी असूं शकते. यास्तव एका पत्रांत १० एमबीहून अधिक घालूं नये, असें आमचें मत आहे.

फोल्डर जसाच्या तसा पत्रास जोडतां येत नाहीं. आधीं त्याची एकच फाईल करावी लागते. जुन्या दप्तरखान्यांत सुटे कागद रुमालांत बांधीत, तसाच हा प्रकार. या बांधणीस झिप म्हणतात. ती फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं प्रचारांत आणली. विंडोजच्या संगणकावर फोल्डरवर माऊसचें उजवें बटण दाबल्यास झिप करण्याचा पर्याय मिळतो. झिप केल्यानें ओझें अर्धें होतें, असा पुष्कळांचा समज आहे. मजकुराच्या फाईलींचें तें खरोखर घटतें. परंतु मोबाईलचीं छायाचित्रें मुळांतच दाबून बसविलेलीं असतात. सुकी मिरची पोत्यांत तुडवितां येते, गुळाची ढेप तुडवून लहान होत नाहीं! छायाचित्रांचा आकार आधींच कमी करून घ्यावा.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची मूळ पीडीएफ फाईलच पाठवावी. छापील प्रत काढून तिचें छायाचित्र पाठविलें, तर त्यांत ती स्वाक्षरी तपासतां येत नाहीं. झिपमध्यें बांधल्यानें मात्र तीस कांहीं बाध येत नाहीं. फाईलींचीं नांवें रोमन लिपींत द्यावींत. कारण उघडतांना कांहीं संगणकांवर देवनागरी नांवांचा विपर्यास होतो.

ऐवज फारच मोठा असल्यास जीमेल तो ड्राइव्हवर ठेवून पत्रांत केवळ दुवा पाठवितें. तेथें परवानगी फक्त त्या कार्यालयाच्या पत्त्यास द्यावी. दुवा सर्वांस खुला ठेवल्यास तो ज्याच्या हातीं पडेल त्यास सभासदांचे खातेक्रमांक दिसतील. परवानगी द्यावयाची राहिली, तर समोरच्यास कांहींच उघडत नाहीं.

जेथें मोबाईलचें जाळें दुर्बळ, तेथें लहान लहान पत्रेंच करावींत. विषयांत ‘३ पैकीं १’ असा क्रम लिहावा, पत्रांत कागदांची यादी द्यावी, व पोंच मुदतीपूर्वींच मागून घ्यावी.