एकसष्टाच्या पोटीं अब्जाची संख्या

चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशींत पाटण नांवाचें जुनें स्थान आहे. खानदेशांतील भाविक पाटणादेवीच्या दर्शनास तेथें जातात. गणितज्ञांस मात्र त्या स्थळाची ओढ आहे ती तेथील शिलालेखामुळें. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला व त्यास निकुंभ सामंतांनीं शके ११२८ मध्यें देणगी दिली, असें त्या लेखांत नमूद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख विद्वानांपुढें आणिला. जळगांव व धुळें हीं १९०६ पर्यंत एकाच खानदेश जिल्ह्यांत होतीं, तेव्हां हा ठेवा दोघांचाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे. कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्ग येतो? दिसावयास प्रश्न पोरकट. ६१ च्या ऐवजीं ६० घेतले तर उत्तर ४ (साठ सोळें ९६०, अधिक १, म्हणजे ३१ चा वर्ग). ६२ घेतले तर ८. पण ६१ करितां लहानांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे, आणि येणारें वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९! मिनिटास एक याप्रमाणें अहोरात्र संख्या तपाशीत बसल्यास सुमारें ४३० वर्षें लागतील.

आचार्यांची चक्रवाल रीति हें काम थोडक्या पायऱ्यांत उरकते. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक, येथून आरंभ. एका फेऱ्यानें ३९ व ५ हीं पदें मिळतात, कारण ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ गुणिलें २५ म्हणजे १५२५. अंतर केवळ ४. पुढें ब्रह्मगुप्ताच्या भावनेनें २९,७१८ व ३,८०५ येतात, आणि अंतर उणें १ उरतें. आतां २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळविला कीं ती अब्जाची संख्या तयार. दोन्ही पदांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे धाकटी.

मोठीच्या अंतीं ९. तिला २, ३, ५, ७ यांनीं भाग जात नाहीं. म्हणून ती मूळ संख्या असावी असा मोह होतो. पण एकाआड एक अंक मिळवून पाहावे: ९, ०, १, ६, ७ यांची बेरीज २३, उरलेल्या ४, ९, ३, ६, १ यांचीही २३. अर्थात् ११ नें निःशेष भाग जातो. संख्या संयुक्त ठरते. धाकटीचे अवयव २, २, ३, ३, ५, १३, १२७ व ७६१. त्यांत ११ नाहीं, आणि असणेंही शक्य नव्हतें. कारण दोहोंस भागणारी संख्या त्या मिळविलेल्या १ लाही भागेल. म्हणून दोघी परस्पर दृढ.

‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० सालचा. पुढें १६५७ मध्यें फ्रान्समध्यें फर्मानें फ्रेनिकलला जे प्रश्न घातले, त्यांतही ६१ होताच. शंभराच्या आंत इतर कोणत्याही संख्येचें लघुतम उत्तर एवढें मोठें येत नाहीं.