३५ डॉलर रोजावर अडीचशे चित्रपट

१९ जानेवारी १९५३. त्या रात्री अमेरिकेत सुमारे ४ कोटी ४० लाख माणसं टीव्हीसमोर बसली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा १६ कोटींच्या आसपास, म्हणजे दर चारांतलं एक माणूस. ‘आय लव्ह ल्यूसी’ मालिकेतल्या ल्यूसीला त्या रात्री बाळ होणार होतं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्याला प्रेक्षक लाभले २ कोटी ९० लाख!

ल्यूसीचा नवरा इस्पितळात वाट पाहतोय. सोबत आणखी एक होऊ घातलेला बाप : किडकिडीत, चष्मेवाला, त्रासिक. घरी आधीच सहा मुली. आता तिळं होतात, तिन्ही मुलीच. एकूण नऊ! कोट्यवधी लोक त्याला हसले. त्याचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. तो चार्ल्स लेन.

जन्म १९०५, सॅन फ्रान्सिस्को. पुढच्याच वर्षी भूकंपाने ते शहर जमीनदोस्त झालं, त्यातून सव्वा वर्षाचं हे पोर वाचलं. मोठेपणी विमा विकता विकता तो पॅसाडेना प्लेहाउसच्या रंगमंचावर पोचला आणि चित्रपट नुकता बोलू लागला होता त्या काळात पडद्यावर आला. १९३३ या एका वर्षात त्याने वीसच्या वर चित्रपट केले. सरासरी काढली तर दर अठरा दिवसांना एक! रोज मिळायचा ३५ डॉलर. काम एक-दोन दिवसांचं. इथले संवाद संपले की कपडे बदलून दुसऱ्या सेटवर. कधी चित्रपट बघायला जावं, तर पडद्यावर अचानक स्वतःच दिसे. आपण यात आहोत हे तो साफ विसरलेला असे.

एवढी कामं मिळण्याचं कारण त्याच्या चेहऱ्यात होतं. आयकर अधिकारी, खडूस कारकून, वसुलीवाला : लेन दारात उभा राहिला की माणूस कोणत्या जातकुळीचा हे प्रेक्षकाला लगेच कळे, ओळख करून देण्यात एक मिनिट वाया जात नसे. स्टुडिओला मिनिट म्हणजे पैसा. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात तो भाडेवसुली करणारा आहे, त्याचा दिग्दर्शक फ्रँक कॅप्राने लेनला पुन्हा पुन्हा बोलावलं. या साच्याचा त्याला कंटाळाही आला, पण चूल त्यावरच पेटत होती.

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचा तो अगदी सुरुवातीचा सभासद. लग्न टिकलं सत्तर वर्षं. चित्रपटांची संख्या अडीचशेच्या वर गेली, मालिकांचे भाग शेकड्यांनी. नव्वदीतही तो कॅमेऱ्यासमोर होता. २००५ मध्ये शंभरी गाठल्यावर जाहीर सत्कार झाला, तेव्हा लेनने जमलेल्यांना सांगितलं, काम असेल तर कळवा, मी अजून मोकळा आहे. त्यानंतर तो आणखी दोन वर्षं जगला.