उसन्या विषाचा निळा ड्रॅगन

पावसाळ्यात समुद्रावरून वारा जोरात सुटला की जुहू, गिरगावच्या वाळूत निळे फुगे येऊन पडतात. हे ब्लू बॉटल. त्यांचा लांबलचक तंतू पायाला लागला तर धडधाकट माणूसही कळवळतो. त्याच तंतूंचे लचके तोडून खाणारा एक जीव जगभरच्या उबदार समुद्रांत तरंगत असतो आणि तो जेमतेम तीन सेंटिमीटरचा आहे. ग्लॉकस अटलांटिकस, म्हणजेच निळा ड्रॅगन. खरं तर ही एक बिनशंखाची गोगलगाय.

ब्लू बॉटल खाऊन ती पचवते यापेक्षाही ती त्यातलं काय पचवत नाही, हे अधिक थक्क करणारं आहे. ब्लू बॉटलच्या तंतूवर सूक्ष्म डंखकुप्या खच्चून भरलेल्या असतात. प्रत्येकीत गुंडाळी केलेली विषारी नळी, स्पर्श होताच सप्‌कन बाहेर सुटणारी. ड्रॅगनने गिळलेल्या कित्येक कुप्या मात्र न फुटता, न पचता शाबूत राहतात. त्याच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोटांसारखे फाटे फुटलेले असतात; पचनमार्गाच्या शाखांतून या कुप्या तिथवर जातात आणि टोकाच्या पिशव्यांत साठतात. थॉम्पसन आणि बेनेट या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातले ड्रॅगन तपासून १९६९ साली दाखवून दिलं, की ब्लू बॉटलच्या कुप्यांपैकी सर्वांत मोठ्या, जहाल कुप्याच निवडून साठवल्या जातात. म्हणूनच एवढ्याशा जिवाचा डंख माणसालाही झोंबतो. किनाऱ्यावर मरून पडलेला दिसला तरी त्याला हात लावू नये.

त्याचा रंगही नुसता देखणा नाही. पोटात हवेचा बुडबुडा धरून हा प्राणी पाण्याच्या पृष्ठभागाशी उताणा तरंगतो. आकाशाकडे असलेली पोटाची बाजू निळी, खाली वळलेली पाठ रुपेरी-राखाडी. वरून पक्ष्याला तो समुद्रात मिसळलेला दिसतो, खालून माशाला उजेडात. तो जातो मात्र वारा आणि प्रवाह नेतील तिथेच. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेझंट नगर किनाऱ्यावर असे ड्रॅगन वाहून आले होते.

प्रत्येक ड्रॅगन नरही असतो आणि मादीही. मीलनानंतर दोघंही अंडी घालतात. अंड्यांच्या माळा पुष्कळदा खाऊन उरलेल्या भक्ष्याच्या सांगाड्यालाच चिकटवलेल्या सापडतात. त्यांतून निघणाऱ्या इवल्या अळीच्या पाठीवर चक्क शंख असतो. वाढता वाढता ती तो टाकून देते.