गिझर सारखा विझतोय?

थंडी पडली की आमच्या सारोळ्यात बायकांची एक तक्रार हमखास असते, 'अगं, गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो!' मैत्रिणींनो, मेकॅनिकला बोलावण्याआधी थोडं घरीच बघा. सेल उतरले असतील तर ज्योत टिकत नाही. दोन्ही सेल एकदम बदला. टाकी फार उंचावर नसेल किंवा जाळीत कचरा अडकला असेल, तर पाण्याला जोर राहत नाही आणि गिझर बंद पडतो. सिलिंडर संपत आलाय का, तेही पाहा.

एवढं करूनही विझला, तर पुन्हा पुन्हा पेटवत बसू नका. बंद न्हाणीघरात हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड बेशुद्ध पडतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. गार वारा येतो म्हणून खिडकी लावणं जिवावर बेतू शकतं.

गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा नंबर घरातल्या लेकी-सुनांनाच नाही, मुलांनाही पाठ हवा.