वाफ घराबाहेर जाते, की पोटमाळ्यावर?

कल्याण-कसारा रेल्वेमार्गावर टिटवाळ्यापुढे असलेल्या खडवलीत, भातसा नदीच्या काठी, पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलसर असते. त्यात स्नानगृहातील वाफेची भर पडली की भिंतींना बुरशी धरते, छताचे पोपडे सुटतात. यावर उपाय म्हणून एक्झॉस्ट पंखा बसवला जातो. परंतु तो हवा नेमकी कोठे फेकतो, हे क्वचितच पाहिले जाते.

पंख्याचे तोंड पोटमाळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडत असेल, तर वाफ घराबाहेर गेलेलीच नसते. तेथे तिचे पाणी होते आणि लाकूड कुजू लागते. म्हणून पंखा बाहेरच्या भिंतीतच हवा. नळी लावावीच लागली, तर ती आखूड, सरळ व बाहेरच्या बाजूस किंचित उतरती असावी. शिवाय बाहेर जाते तेवढी हवा आतही यावी लागते. दाराखाली बोटभर फट नसेल, तर पंखा नुसताच घरघरतो.

गॅस गिझर असेल, तर प्रश्न केवळ ओलीचा राहत नाही. कोंदट जागेत अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. पंखा आहे म्हणून गिझर आत चालेल, हा समज घातक होय. हवेला यायला वाट नसेल, तर पंखा धुराड्यातील वायूही उलट आत ओढू शकतो. गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेच्या जागीच बसवावा. तोवर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानास जावे.